पेन्सिलीखालचा चेहरा

गल्लीत त्यांना फोटोवाले कोणी म्हणत नसे, कल्हईवाले म्हणत. माणूस त्यांच्या दुकानात जसा जाई तसाच बाहेर पडे, पण त्याचा फोटो मात्र चकचकीत होऊन येई. नाकावरचा मस गेलेला, कांजिण्यांचे वण बुजलेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं कुठल्या कुठे पळालेली. एकदा एका कारकुनाची बायको नवऱ्याचा फोटो न्यायला आली. बराच वेळ फोटो बघून ती म्हणाली, "छानच आलाय हो, पण आमचे हे कुठेत?" फोटोवाले शांतपणे म्हणाले, "हेच ते. जरा झोप झालेले."

या चेष्टेचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट अंगावर मूठभर मांस चढे. बटण काय, कोणालाही दाबता येतं, खरं काम त्यानंतरचं, असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांचं उतरतं मेज होतं. मेजाच्या मधोमध चौकोनी भोक, भोकावर निगेटिव्हची काच आणि खाली आरसा. आरशातून उजेड वर आला की काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा झालेला चेहरा उजळून निघे. काचेवर आधी राळेचा पातळ हात द्यायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग काचकागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घेऊन बारीक बारीक ठिपके देत बसायचं. गालावरचा तीळ निगेटिव्हवर स्वच्छ पारदर्शक दिसतो. तो पेन्सिलीने भरला की छापलेल्या फोटोत तीळ नाहीसा. या कामाला ते टचिंग म्हणत, आणि टचिंग करताना श्वाससुद्धा बेताने घेत. पुढे पुढे ही खोड इतकी अंगात मुरली, की भाजीवाली भाव सांगत असे आणि हे मनातल्या मनात तिच्या हनुवटीवरचा वण बुजवत असत.

घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची धाकटी. तिला धाकटी म्हणत, कारण एक थोरला होता. धाकटी रांगत होती तेव्हा आई गेली. मग थोरल्याने तिला कडेवर घेऊन वाढवलं, आणि ती शाळेत जायच्या आतच तो युद्धावर गेला तो परत आला नाही. आला तो निरोप. माघार घेताना कामी आला, तिकडेच पुरला, एवढाच.

माघार या शब्दाने फोटोवाल्यांचा फार छळ केला. दुकानात आलेली माणसं भिंतीवरचा फोटो बघून हळहळत, "कुठल्या लढाईत?" असं विचारत, आणि "सैन्य मागे येत होतं तेव्हा" असं ऐकलं की "अस्सं" म्हणून गप्प बसत. पोरगा गेल्याचं दुःख एकीकडे, त्या "अस्सं"चा काटा वेगळाच. पोरगा पळताना मेला असं कोणी तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तो फोटो दर्शनी भिंतीवरच होता. थोरला पहिल्यांदा गणवेश घालून आला त्या दिवशीचा. फोटोवाल्याच्या घरात मुलांचे ढीगभर फोटो असतील असं कोणालाही वाटेल, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत घरच्यांची पाळी कधी आलीच नाही. घरचीच तर माणसं, काढू की उद्या, असं म्हणता म्हणता पोराला मिसरूड फुटलं. हा एकच काढला, आणि पोटच्या पोराचा म्हणून त्याचं टचिंग जरा जास्तच जीव लावून केलं. थोरल्याने तयार फोटो हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, हा कोण?" बापलेक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला.

धाकटी त्या फोटोसमोरच मोठी झाली. तिला भावाचं खरं असं काहीच आठवत नव्हतं. कोणाच्या तरी खांद्यावरून दिसणारा रस्ता, एवढीच काय ती आठवण. बाकी दादा म्हणजे भिंतीवरचा तो सरळ नाकाचा, नितळ गालांचा देखणा तरुण. हिच्या डाव्या गालावर तीन तीळ एका ओळीत, नाकाला मध्येच उंचवटा. पुढे राहायला आलेल्या शेजारणी फोटो बघून लाडाने म्हणत, रूप सगळं थोरल्याने पळवलं गं, तुला काही ठेवलंच नाही. ती हसून साजरं करी. तिने भावाच्या नावाने एकदाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि याची तिला मनातून लाज वाटे. पण चित्रातल्या माणसासाठी रडणार कसं?

असं सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग एका सकाळी फोटोवाले अंधारखोलीत असताना दुकानात कोणीतरी आलं. दाराआडून त्यांना जाड, दबका पुरुषी आवाज ऐकू येत होता. त्यानंतर धाकटीचा. पावलं निघून गेली, आणि दुसऱ्याच क्षणी खोलीचं दार धाडकन उघडलं. आतला कागद प्रकाश लागून ट्रेमध्येच काळाठिक्कर पडला. फोटोवाल्याची मुलगी, पाळण्यात असल्यापासून तिला ठाऊक, की हे दार असं उघडायचं नसतं. फोटोवाले ओरडणार तेवढ्यात त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि ओरडायचं विसरले.

"बाबा, दादा जिवंत असेल," ती म्हणाली.

तिला धाप लागली होती. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे एकेक गोष्ट बाहेर आली. आलेला माणूस थोरल्याच्या तुकडीतला आचारी होता. युद्धानंतर आधी जखमांमुळे, मग पोटामागे तो भलतीकडेच जाऊन पडला होता. आता बहिणीकडे आला होता. माघारीत मेलेल्या एका पोराला त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं. त्याच्या घरच्यांना भेटायचं ही त्याच्या जिवाला लागून राहिलेली गोष्ट. शहर ठाऊक, आडनाव ठाऊक, तेवढ्यावर विचारत विचारत तो इथे पोचला. आला, भिंतीवरचा फोटो बघितला आणि गोंधळला.

"म्हणाला, ताई, माफ करा, हा तो नव्हे. मी चुकीच्या घरी आलो." धाकटीचे डोळे चमकत होते. "त्यांच्यात सगळ्यांना आडनावानेच हाक मारत, आणि या आडनावाचे दोघं होते बाबा. एकाला त्याने पुरलं. दुसरा शत्रूच्या हाती सापडला, त्याचं पुढे काय झालं कोणालाच माहीत नाही. म्हणजे निरोप चुकून आपल्याकडे आला. तो दुसरा म्हणजे दादा. सापडलेली माणसं अजून परत येतात बाबा, कोणी आजारी असतं, कोणाला काही आठवत नसतं..."

तिला जे ठाऊक नव्हतं ते फोटोवाल्यांना ठाऊक होतं. भिंतीवरचा तो चेहरा बघून, थोरल्याला ओळखणारा कोणीही म्हणाला असता, हा तो नव्हे. थोरला स्वतःच म्हणाला होता.

"त्याने पुरलेला कसा होता दिसायला? विचारलंस?"

"मी कशाला विचारू? तो दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ." मग तिला आठवलं. "हां, त्याचा बाप न्हावी होता म्हणाला. म्हणजे बघा, आपला प्रश्नच येत नाही."

न्हावी हे ऐकलं आणि फोटोवाल्यांच्या आत काहीतरी उसळून वर आलं. खरंच दुसरा कोणी असेल तर? न्हाव्याचा पोरगा मातीखाली आणि आपला थोरला कुठल्या तरी दूरच्या दवाखान्यात, पांढऱ्या होत चाललेल्या केसांचा, बाबांचं नाव आठवायचा प्रयत्न करत बसलेला. त्यांना त्या न्हाव्याची दयाही आली आणि स्वतःची शरमही वाटली.

धाकटीला तर दिवस पुरेना. तिने दुकानाला कडी घातली, कपाट उपसून दादाचे कपडे दोरीवर टाकले, आणि कुठल्या कचेरीत जायचं, कोणाला भेटायचं, याचं तोंडाने चालूच होतं. गेली कित्येक वर्षं त्यांनी तिला इतकी सुंदर बघितली नव्हती. फोटोवाले खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. गप्प बसलं तर ही पोरगी या आशेवर सगळं आयुष्य काढील, दारं ठोठावत फिरेल, दर पावलाला कान देईल. बोललं तर आत्ताच्या आत्ता, आपल्याच हाताने, तिचा भाऊ मारायचा. आणि आपला पोरगा दुसऱ्यांदा.

दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी कळ काढली. शेवटी ते उठले, माळ्यावरची पेटी काढली आणि कागदी पाकिटातली एक काच बाहेर घेतली.

"चल," ते म्हणाले. "मागच्या खोलीत चल जरा."

"आत्ता? बाबा, मला केवढी कामं आहेत."

"हे आधी."

काच मेजावर ठेवून त्यांनी आरसा फिरवला. थोरला उलट्या रंगात उजळला. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि हात तसाच थांबला. आयुष्यात त्यांनी इतकं नाजूक काम दुसरं केलं नव्हतं. मग त्यांनी बोळा गालावरून फिरवला. राळ सुटली, राळेबरोबर पेन्सिल सुटली. कापूस काळा झाला.

"काय करताय?" धाकटीने त्यांचा हातच धरला. "दादाचा एकच तर आहे."

"दादाचा एकसुद्धा नाही गं," ते म्हणाले. "हे सगळं मी केलेलं आहे. तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आत दादा आहे, बघू."

तिने हात सोडला. काच पुसून झाली, अंधारखोलीत नेऊन कागदावर ठेवून उजेड दिला, आणि लाल दिव्याखाली कागद पाण्यासारख्या औषधात बुडाला. फोटोवाले ट्रे हलवत राहिले. आधी टोपी आली, मग गणवेशाच्या गुंड्या, मग भुवया. गाल आले. डाव्या गालावर एक तीळ आला, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, एका ओळीत. नाकावरचा उंचवटा आला. हसू दाबताना तोंडाच्या कोपऱ्यात पडते ती घडी आली.

धाकटी ट्रेवर वाकली. तिचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे गेला.

"बाबा, ही तर मी," ती म्हणाली.

फोटोवाल्यांनी ट्रे हलवायचं थांबवलं. इतक्या वर्षांनी पोरगा समोर आला होता, ओला, आणि अजून जिवंत असावा असा.

कागद वाळायच्या आतच तो टिपकागदात धरून दोघं निघाले. आचारी बहिणीकडे उतरला होता, लाँड्रीच्या मागच्या चाळीवजा घरात. त्याने पत्ता देऊन ठेवला होता. संध्याकाळी तो त्या न्हाव्याच्या शोधात जाणार होता. रस्त्याने धाकटी एवढंच म्हणाली, "हा तो नाहीच म्हणाला तर?"

"तर तू म्हणशील त्या कचेरीत मी तुझ्याबरोबर येईन," फोटोवाले म्हणाले. आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले. दर पावलाला त्यांना वाटत होतं, नाही म्हणू दे त्याला, नाही म्हणू दे.

आचारी मागच्या दारी पाटावर बसून बटाटे सोलत होता. अंगाने रुंद, एक पाय लांब करून बसलेला. सकाळचीच मुलगी परत आलेली बघून तो गडबडीने उठू लागला. फोटोवाल्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि टिपकागद उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने फडक्याला हात पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले, आणि फोटो कडेने धरून उजेडाकडे केला.

"कान कुठे गेला ह्याचा?" तो म्हणाला.

फोटोवाले त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

"मी काढला," ते म्हणाले. "बाहेर आला होता म्हणून. पेन्सिल पुसता येते. कान चाकूने खरवडला होता, तो परत येत नाही."

"चांगला होता हो कान," आचारी म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती हळहळ होती. "टोपी त्याच्यावरच टेकायची. म्हणायचा, माझा बाप माणसं सुंदर करतो, फक्त मला करता करता थकला. मी आपला धरून चाललो, न्हावी असणार."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "कसा गेला तो?"

"ताई, ऐकून काय करणार?"

"सांगा. बाबांना लोक विचारतात, त्यांना सांगता येत नाही."

आचाऱ्याने फोटो मांडीवर ठेवला. "माघार म्हणजे काय, सगळे पळतच होतो म्हणाना. साहेब लोक म्हणायचे मागे सरकतोय, आम्हाला कळायचं ते आपल्या पायांवरून. नुसता चिखल. प्रत्येकाने जड ते टाकून दिलेलं. मला पण सांगितलं, भांड्यांची गाडी सोड आणि चल. हा मधे पडला. म्हणाला, हरायचंच आहे तर जेवून हरू. आणि लागला की ढकलायला. दोन दिवस कोणाच्या पोटात काही नव्हतं ताई, आणि हा चेष्टा करत ढकलतोय. चाक रुतलं. मी पुढून ओढतोय, हा मागून. तेवढ्यात वरून विमान आलं. मधे गाडी होती, मला काही लागलं नाही."

आत बहिणीने भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तोंडावर चिखल होता. पातेल्यात पाणी शिल्लक होतं, त्याने मीच धुतलं. म्हणून तर सकाळी मी एवढ्या खात्रीने म्हणालो, हा तो नव्हे. तीळ न् तीळ पाठ आहे मला. रस्त्याच्या कडेला उंचवट्यावर ठेवला त्याला, पाणी साचत नाही अशा जागी."

"आणि बाकीचे?" धाकटीने विचारलं. "ते जेवले का?"

आचाऱ्याने मान वर केली. हा प्रश्न त्याला कोणी विचारेल असं वाटलं नसावं.

"जेवले," तो म्हणाला. "गाडी काढलीच मग आम्ही. पुढच्या गावात चूल पेटवली. त्या संध्याकाळी सगळे जेवले."

धाकटीने खाली वाकून फोटो उचलला. बघत राहिली, तीळ बघितले, नाक बघितलं, जिथे कान हवा होता ती काळी जागा बघितली. मग ती बापाशेजारी जमिनीवर बसली आणि बाहेरून आत्ताच कळलेली बातमी सांगावी तशी म्हणाली,

"बाबा, दादा गेला."

"हो गं बाळा," फोटोवाले म्हणाले. "गेला."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं एकाच माणसासाठी रडली.